पाच काचांचे पागनीस

श्रीकृष्ण चौबळांनी एका सकाळी जेवणाच्या टेबलावरची मिठाची बरणी, लोणच्याचा सट आणि पाण्याचा जग उचलून ओट्यावर नेऊन ठेवला आणि "हे टेबल आता मला लागेल," असं जाहीर केलं, तेव्हा जानकीबाईंना वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. तो सव्वा महिन्याचा निघाला. तेवढे दिवस चौबळ कुटुंब मांडीवर ताट घेऊन जेवलं आणि आमटीचे डाग पडायची जी जागा आधी टेबल होती, ती आता चौबळांचा लेंगा झाली.

झालं होतं असं, की त्यांच्या मुलीने, स्वरदाने, मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. एक माणूस काचेवर मासा रंगवतो, त्यावर दुसरी काच ठेवून तिच्यावर शेवाळं रंगवतो, तिसरीवर आणखी एक मासा. सगळ्या काचा एकामागे एक उभ्या करून मागून दिवा लावला, की चित्राला खोली येते. मासे खरोखरच पुढेमागे पोहताहेत असं वाटतं.

"बाबा, देखो ना, कित्ती सही आहे," स्वरदा म्हणाली. ती बँकेत नोकरीला होती आणि तिचं मराठी झाशीत जन्मलेल्या मुलींचं असतं तसं होतं, म्हणजे वाक्य मराठीत निघून हिंदीत पोचायचं.

चौबळांनी व्हिडिओ तीनदा पाहिला आणि चष्मा पुसला. "यात काय आहे? हे तर सेक्शनल ड्रॉइंग आहे, एकेक थर कापून वेगळा दाखवायचा."

चौबळ रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. झाशीपासून बीनापर्यंतचा एकेक सिग्नल त्यांच्या पेन्सिलीखालून गेला होता. पण सिग्नलच्या नकाशाला कोणी 'वा' म्हणत नाही. तो बरोबर असला तर गाड्या वेळेवर जातात आणि श्रेय ड्रायव्हरला मिळतं. ही खंत मनात धरून चौबळ निवृत्त झाले होते. त्यात पुढच्याच महिन्यात जानकीबाईंचे थोरले बंधू हरिभाऊ पागनीस यांची पंचाहत्तरी होती.

पागनीस म्हणजे दतिया गेटचे. आठ पिढ्या झाशीत. त्यांचा कोणी पूर्वज घोडदळाच्या पागेचे कागद सांभाळायला इकडे आला आणि कागद गेले, घोडे गेले तरी राहिला. चौबळांचे वडील भुसावळहून बदलीवर आलेले. त्यामुळे लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी पागनिसांच्या घरी चौबळांकडे, माणूस चांगला आहे, पण केव्हा बदली होईल सांगता येत नाही, अशा नजरेने पाहिलं जायचं. बाकीच्या झाशीने तर त्यांचं आडनावच बदललं होतं. चौबळ हे नाव इकडच्या जिभेला जड. सगळे त्यांना 'चौबेजी' म्हणत आणि चौबे म्हणजे तिकडचे ब्राह्मण, म्हणून श्राद्धपक्षात एकदोघं जेवणाचं आमंत्रणही देऊन जात.

तर या पंचाहत्तरीला हरिभाऊंना अशी भेट द्यायची, की सगळे पागनीस बघत राहिले पाहिजेत, असं चौबळांनी ठरवलं. अठरा वर्षांपूर्वीचा एक फोटो होता. ओरछाला बेतवेच्या काठी, मागे राजांच्या समाध्यांच्या छत्र्या, आणि पुढे पाचजण एका रांगेत उभे: कमळावहिनी, त्यांचे यजमान हरिभाऊ, जानकीबाई, धाकटा भाऊ जयसिंग आणि त्याची बायको रेवा. चौबळ त्या दिवशी ड्युटीवर होते. पाच माणसं, पाच काचा. हिशेब इतका सुटसुटीत होता, की त्यातच काहीतरी चुकतंय हे कळायला हवं होतं.

पहिले तीन दिवस चौबळांनी चित्राचा नकाशा काढण्यात घालवले. पुढून, बाजूने, वरून. खाली कोपऱ्यात चौकट आखून त्यात नंबर घातला आणि 'तपासले' या शब्दापुढे स्वतःच सही केली. मग मानिक चौकात जाऊन दोन फूट बाय दीड फुटाच्या पाच काचा कापून घेतल्या आणि ई-रिक्षात बसून त्या मांडीवर उभ्या धरल्या. इलाइट चौराह्यावर रिक्षा अडकली. शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी विचारलं, "भैया, एक्वेरियम कित्ते का पड़ा?" चौबळांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण हा प्रश्न म्हणजे नुसती सुरुवात होती.

दुसऱ्या दिवशी शेजारचे खरेजी डोकावले. हे कायस्थ खरे, आपल्याकडचे खरे नव्हेत. पण सल्ला देण्याच्या बाबतीत दोन्हीकडचे खरे सारखेच.

"काय चौबेजी, मछरियां पाल रय का?"

"नहीं जी. पेंटिंग है. थ्री-डी."

"अच्छा, अच्छा," खरेजी समजूतदारपणे म्हणाले. "पर नल को पानी मत भरियो. क्लोरीन से मर जातीं."

चौबळांनी पुन्हा समजावलं. खरेजींनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी माशांच्या खाण्याचा एक डबा आणून दिला. त्यांच्या मेहुण्याचे मासे मेले होते, डबा अर्धा शिल्लक होता.

चित्र काढताना चौबळांनी व्हिडिओतल्यासारखं काचेच्या मागच्या बाजूने रंगवलं, म्हणजे पुढून गुळगुळीत दिसतं. फोटो समोर ठेवून हुबेहूब रंगवलं. आठ दिवसांनी काचा सरळ करून टेबलावर उभ्या केल्या आणि जानकीबाईंना हाक मारली. जानकीबाई पदराला हात पुसत आल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, आमच्या घरात सगळ्या गुजराथिणी कधीपासून?"

मागून काढलेलं चित्र पुढून उलटं दिसतं. तिन्ही बायकांचे पदर उजव्या खांद्यावर गेले होते. हरिभाऊ डाव्या हाताने आशीर्वाद देत होते. जयसिंगचा भांग उलटा पडला होता आणि रांगसुद्धा दुसऱ्या टोकाकडून सुरू झाली होती. चौतीस वर्षं ज्याने अप लाइनला कधी डाउन म्हटलं नाही, त्या माणसाची ही गत. चौबळांनी दाढीचं पातं काढलं आणि पाचही पागनीस खरवडायला बसले. जानकीबाई थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या तेव्हा ते कमळावहिनींच्या पदरापाशी होते.

"हरिदादाला एक चांगली शाल घेऊ या," जानकीबाई हळूच म्हणाल्या.

"शाल कोणीही देईल," चौबळ पातं न थांबवता म्हणाले.

दुसऱ्या खेपेला सगळं सुलट जमलं. लाकडी पट्ट्यांची पेटी करून पाच काचा अर्ध्या-अर्ध्या इंचावर बसवल्या, मागे दिव्यांची पट्टी लावली. सगळ्यांत पुढे बेतवेच्या खडकांबरोबर हरिभाऊ, कारण पंचाहत्तरी त्यांची. मग कमळावहिनी, मग जानकी, मग रेवा, आणि पाचव्या काचेवर छत्र्यांशेजारी जयसिंग, कारण तो सगळ्यांत धाकटा. दिवा लावला आणि स्वरदा किंचाळली. खरोखर खोली आली होती. हरिभाऊ आत्ता खडकावरून खाली पाय टाकतील असं वाटत होतं. चौबळ दोन पावलं मागे गेले, दोन पावलं पुढे आले, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. त्यांच्या आयुष्यातल्या मोजक्या सुखी संध्याकाळींपैकी ती एक होती. मग त्यांना कमळावहिनींच्या गालावर काहीतरी हलताना दिसलं.

मुंगी होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या काचेच्या मध्ये. ती वहिनींच्या गालावरून नथीकडे चालली होती, आणि दिव्यामुळे तिचीही सावली थ्री-डी पडत होती. पेटी पुन्हा उघडली. मुंगी गेली, पण त्या भानगडीत दोन काचांच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे उमटले आणि ते पुसायला आणखी एक दिवस गेला.

इथपर्यंतची संकटं काचेची होती. माणसांचं संकट रविवारी आलं. जयसिंग आणि रेवा सहज म्हणून आले. जयसिंगचं दतिया गेटला औषधांचं दुकान होतं. माणूस सरळ, बोलणं कमी. चौबळांनी मोठ्या हौसेने दिवा लावला.

आता साध्या काचेला मुळातच एक हिरवट झाक असते. एका काचेत ती कळत नाही. चार काचांमधून पाचवीकडे पाहिलं, की कळते. हे चौबळांच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण त्यांचं सगळं लक्ष हरिभाऊंकडे होतं. रेवाचं लक्ष मात्र सरळ पाचव्या काचेवर गेलं.

"जीजाजी, हे कोण?"

"कोण म्हणजे? जयसिंग."

"इतके हिरवे? यांना काय पीलिया झालाय?" रेवाचा आवाज चढला. "मेडिकलवाला माणूस, आणि चित्रात कावीळ! आणि सगळ्यांच्या मागे का? फोटोत तर सगळे एका रांगेत होते."

"खोली यायला कोणीतरी मागे लागतं," चौबळ म्हणाले.

"मग कोणीतरी म्हणजे आम्हीच का? दादांच्या घरी वर्षभराचं बी.पी.चं औषध कोण पोचवतं? पाचव्या काचेवरचा?"

"जाऊ दे ना," जयसिंग म्हणाला. पण तोही मान वाकडी करून स्वतःकडे बघत होता. चहा न घेताच दोघं निघाली. बागेत झाडांना पाणी घालत असलेले खरेजी त्यांना म्हणाले, "देख आए मछरियां?" रेवाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की खरेजींच्या हातातला पाइप खाली गेला.

सोमवारी कमळावहिनींचा फोन आला. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांची तक्रार वेगळी होती. "श्रीकृष्णराव, मी दुसऱ्या काचेवर का? हे पहिल्या आणि मी दुसऱ्या? पूजेला आम्ही एका पाटाशेजारी दुसऱ्या पाटावर बसतो, एकामागे एक बसत नाही. मध्ये अर्धा इंच सोडलाय म्हणे तुम्ही."

"वहिनी, तो तांत्रिक अर्धा इंच आहे."

"असेल. पण दिसतो ना?"

मंगळवारी जयसिंगचा निरोप आला, मोबाईलवर, दोन ओळींचा: 'पंचाहत्तरीला येणं जमेलसं वाटत नाही. दुकानात स्टॉक यायचा आहे.' जानकीबाईंनी तो वाचला आणि मोबाईल पालथा ठेवला. दोघे भाऊ एकाच गल्लीत राहायचे. इतक्या वर्षांत एकाच्या घरचं कार्य दुसऱ्यावाचून झालं नव्हतं. त्या दिवशी पोळ्या लाटताना लाटण्याचा आवाज जरा जास्त होत होता.

दुसरीकडे सभागृहाचं लचांड उभं राहिलं होतं. कार्यक्रम झाशीतल्या मराठी मंडळींच्या, म्हणजे दक्षिणी स्नेहवर्धक मंडळाच्या हॉलमध्ये होता आणि मंडळाचे चिटणीस मधुसूदन दाभोळे हे नियमाचे मोठे भोक्ते. मंडळाला मिळालेला एकुलता एक कायदेशीर सल्ला त्यांनी चौकट करून भिंतीवर लावला होता.

"सोळा किलो?" ते म्हणाले. "म्हणजे हे चित्र नाही. चित्राला आमच्या नियमात तीन किलोची मर्यादा आहे."

"मग फर्निचर समजा."

"फर्निचर बाहेरून आणता येत नाही. तुम्ही म्हणता यात दिवा आहे, काचेची पेटी आहे... हे मत्स्यालय तर नाही?"

चौबळांनी डोळे मिटून घेतले.

"नाही, कारण हॉलमध्ये पाण्याला बंदी आहे. नवीन फरशी आहे. तुम्ही असं करा, पेटीत पाणी नसल्याचं हमीपत्र द्या. दोन प्रतींत."

चौबळांनी तिथेच बसून लिहिलं: 'मी, श्रीकृष्ण चौबळ, लिहून देतो की माझ्या मेहुण्यात पाणी नाही.' मधुसूदनरावांनी वाचून कागद परत दिला. "चित्रात" असं दुरुस्त केल्यावर त्यांनी शिक्का मारला.

घरी आल्यावर चौबळ टेबलापाशी नुसते बसून राहिले. त्यांना मान हवा होता हे खरं. पण एका माणसाच्या मानासाठी दोन भाऊ तुटावेत, हे त्यांच्या कुठल्याच नकाशात नव्हतं. जानकीबाई समोर येऊन बसल्या.

"कमळावहिनींना हरिदादाच्या काचेवर घ्या. जयसिंग आणि रेवाला दुसरी-तिसरी द्या. मला टाका मागे."

"तुला? पाचव्या काचेवर?"

"हो. मी हिरवी दिसले तर कोण भांडायला येणार आहे? तिथे निदान छत्र्यांची सावली तरी आहे."

चौबळांना हे पटलं नाही. पण दुसरा मार्ग नव्हता. पुन्हा पातं, पुन्हा स्पिरिट, पुन्हा खरवडणं. चौथी काच रिकामी झाली तिच्यावर त्यांनी नदी काढली. मग पाचव्या काचेवर जानकीबाई आल्या, आणि पेटी लावून पाहिलं तर त्या हिरव्या झाल्या. होणारच होत्या. जानकीबाई म्हणाल्या, "चालेल." चौबळांनी काच बाहेर काढली.

आणि इथे चौतीस वर्षांचा ड्राफ्ट्समन जागा झाला. पुढच्या चार काचा हिरवा घालतात ना? मग आपण मागे तेवढा लाल आधीच घालून ठेवायचा. त्यांनी लाल वाढवला. चेहरा करडा आला. आणखी वाढवला. तिसऱ्या खेपेला काच बाहेर होती तेव्हा स्वरदा ऑफिसातून आली आणि दारातच थांबली. "बाबा, आई तो टमाटर दिसतेय!"

"बाहेर दिसते," चौबळ म्हणाले. "आत जाऊ दे."

चौथ्या खेपेला जमलं. चार काचांपलीकडे, छत्र्यांच्या सावलीत, जानकीबाईंचा चेहरा बरोबर त्यांच्या रंगाचा आला. ओरछाच्या उन्हात जरा तापलेला, कानाच्या पाळ्या किंचित लाल. बाकीच्या चौघांचे चेहरे एकेका बैठकीत झाले होते. या एका चेहऱ्याला सहा दिवस लागले होते, आणि ते दिसत होतं.

हे सगळं जयसिंगला सांगायला चौबळांनी चार फोन केले. तो उचलेना. रेवाने एकदा उचलला आणि "ते दुकानात आहेत" म्हणून ठेवून दिला. दुकानात फोन केला तर ते घरी होते.

पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी आणखी एक बातमी आली. हरिभाऊंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या आठवड्यातली होती, पण डॉक्टरांना अचानक बाहेरगावी जायचं होतं म्हणून त्यांनी त्याच दिवशी बोलावलं. हरिभाऊ कोर्टात पेशकार, म्हणजे तारखा लावणारे कारकून होते. तारीख पुढे ढकलणं त्यांना माहीत होतं, अलीकडे आलेली तारीख त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी नाही म्हटलं नाही. आणि दवाखान्यात त्यांना घेऊन कोण गेलं? जयसिंग. दुकान बंद करून सकाळपासून तिथेच बसला.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारात हरिभाऊ आले ते एका डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी आणि एक हात जयसिंगच्या खांद्यावर, असे. जयसिंगला थोरल्या भावाचा हात सोडून परत जाणं शक्यच नव्हतं. मागे रेवा होती, नवी साडी नेसलेली, चेहरा मात्र जुनाच. ती मुद्दाम पाचव्या रांगेत जाऊन बसली. "आमची जागा तीच," ती शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली.

पेटीवर शाल टाकलेली होती. मधुसूदनरावांनी आधी ती उचलून आत पाणी नसल्याची खात्री करून घेतली. औक्षण झालं, दोन भाषणं झाली. मग हरिभाऊंना पेटीसमोर खुर्चीत बसवलं, त्यांनी शाल ओढली आणि चौबळांनी दिवा लावला. दिवे मालवलेल्या हॉलमध्ये बेतवा उजळली. मागच्या रांगांमधून "अरे वा!" "ओहो, देखो तो!" असे आवाज आले. खरेजीही आले होते. ते वाकून खडकांमध्ये काहीतरी शोधत होते.

हरिभाऊ एका उघड्या डोळ्याने बघत राहिले.

"फोटोच आहे हो हुबेहूब," शेवटी हरिभाऊ म्हणाले. "सगळे कसे एका रांगेत उभे आहेत."

"एका रांगेत नाही हरिभाऊ," चौबळ घाईने म्हणाले. "पाच थर आहेत. तुम्ही आणि वहिनी पुढे, मग जयसिंग..."

"कुठे पुढेमागे? मला तर सगळी एका रांगेत दिसताहेत. कमळा, मी, जानकी, जयसिंग, रेवा. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही." त्यांनी मान वळवली. "काय रे जयसिंग?"

एका डोळ्याने पाहणाऱ्याला खोली कळत नाही, ही गोष्ट चौबळांना माहीत होती. सव्वा महिना, पाच काचा, दोनदा खरवडलेलं सासर, आणि ज्याच्यासाठी केलं त्याला ते सपाट दिसत होतं. त्यांचा चेहरा पडला. क्षणभरच. कारण जयसिंग भावाच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला होता आणि त्याने स्वतःच्या एका डोळ्यावर तळहात ठेवला होता.

"खरंच की दादा," तो म्हणाला. "रेवा, इकडे ये. बघ."

रेवा आली. आधी तिने दोन्ही डोळ्यांनी पाहून घेतलं, आपला नवरा आता हिरवा नाही आणि पाचव्या काचेवरही नाही, हे तिच्या लक्षात आलं. पाचवीवर कोण आहे तेही लक्षात आलं. तिने जानकीबाईंकडे पाहिलं. मग एक डोळा झाकून ती जयसिंगच्या बाजूला वाकली. "हाँ, लाइन में हैं सब," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं.

मग जो तो येऊ लागला. कमळावहिनींनी पदराने डोळा झाकला. मधुसूदनरावांनी नियमाप्रमाणे आधी डावा झाकला, मग उजवा. खरेजी म्हणाले, "चौबेजी, एक आंख से तो मछरियां औरऊ नईं दिख रईं," आणि या खेपेला चौबळ स्वतःच मोठ्याने हसले. मंडळाचे सत्तरऐंशी लोक एका डोळ्यावर हात ठेवून एका पेटीभोवती गोळा झाले होते. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, गावात डोळ्यांची साथ आलीय.

हरिभाऊंनी चौबळांना जवळ बोलावलं. पेशकाराच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ वादी-प्रतिवादी पाहिले होते, आणि त्या झाकणीमागे त्यांना नक्की काय दिसलं आणि काय त्यांनी दिसू दिलं नाही, हे विचारायची चौबळांची हिंमत झाली नाही. हरिभाऊंनी फक्त त्यांचा हात हातात घेऊन दोनदा दाबला. "झाकणी निघाली, की या जेवायला. मग नीट बघू. तुम्ही समजावून सांगा, कशामागे काय ते."

गर्दी ताटांकडे वळल्यावर पेटीपाशी जानकीबाई एकट्याच राहिल्या. त्यांनी डोळा झाकला नव्हता. त्या अगदी जवळ जाऊन, नाक काचेला लागेल इतक्या जवळ जाऊन, पाचव्या काचेकडे बघत होत्या.

"काय बघतेस?" चौबळांनी विचारलं.

"कानाच्या पाळ्या लाल केल्यात तुम्ही माझ्या."

"त्या तांत्रिक आहेत. पुढच्या काचांच्या हिरव्यावर उतारा म्हणून."

"हो का?" जानकीबाई म्हणाल्या. त्या आणखी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या दोन्ही पाळ्या, पुढे एकही काच नसताना, हळूहळू लाल होत गेल्या.